मणक्याच्या ऑपरेशननंतर दिसेनासं झालं: डोळा दाबला गेला, की नर्व्हचं रक्त कमी पडलं?

मणक्याची मोठी ऑपरेशनं बहुधा पेशंटला पालथं झोपवून करतात. शुद्धीवर आल्यावर दिसतच नाही, असं क्वचित घडतं. मणक्याच्या दहा हजार ऑपरेशनांमागे साधारण २ ते २० जणांच्या बाबतीत. तेव्हा नातेवाइकांच्या मनात पहिली शंका येते ती डोळा दाबला गेल्याची. काही वेळा ती खरी ठरते, पण बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं. दोन्हींत डोळा दुखत नाही आणि दोन्ही जाग येतानाच लक्षात येऊ शकतात, म्हणून गल्लत होते.

पहिला प्रकार रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, मुख्य धमनीचा. तोंड घोड्याच्या नालेसारख्या हेडरेस्टवर ठेवलेलं असतं. ऑपरेशन चालू असताना डोकं थोडं जरी सरकलं, तरी कपाळावर पेलायचं वजन बुबुळावर येतं. डोळ्यातला दाब धमनीतल्या दाबापेक्षा वर गेला की रेटिनाला रक्त पोचत नाही. माकडांवरच्या प्रयोगांत रेटिनाने सुमारे दीड तास तग धरला. चार तासांनी नुकसान कायमचं झालं.

दुसरा प्रकार ऑप्टिक नर्व्हचा, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नर्व्हचा. इथे डोळ्याला कशाचाही स्पर्श झालेला नसतो. नर्व्हचा मागचा भाग अगदी बारीक रक्तवाहिन्यांवर जगतो. तासन्‌तास पालथं राहिल्याने, डोकं हृदयापेक्षा खाली असल्याने आणि पोट दाबलं गेल्याने डोक्यातलं अशुद्ध रक्त नीट परत फिरत नाही. त्यात रक्तस्राव आणि भरपूर सलाईन यांची भर पडते, चेहरा सुजतो. तशीच सूज अरुंद जागेतल्या नर्व्हभोवती येऊन त्या बारीक वाहिन्या दबत असाव्यात, असं आज सर्वाधिक मानलं जातं.

कोणता प्रकार जास्त, याचं उत्तर अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली सुरू केलेल्या नोंदवहीत मिळतं. २००६ मध्ये त्यातल्या मणक्याच्या ९३ केसेस प्रसिद्ध झाल्या: ८३ नर्व्हच्या, फक्त १० धमनीच्या. नर्व्हच्या केसेसपैकी ९६ टक्क्यांत भूल सहा तास किंवा जास्त चालली होती, नाहीतर रक्तस्राव एक लिटर किंवा त्याहून जास्त होता. यातल्या १६ जणांचं डोकं पिनांच्या क्लॅम्पमध्ये कवटीला धरलेलं होतं. चेहऱ्याखाली काहीच नव्हतं, तरी दृष्टी गेली. म्हणून दृष्टी गेली म्हणजे कुणीतरी डोळा दाबू दिला, असा सरसकट आरोप करणं चुकीचं आहे. आणि डोळे मोकळे ठेवले, आता भीती नाही, असं सर्जनने सांगणंही तितकंच अपुरं.

खाटेपाशी फरक ओळखता येतो. धमनी बंद पडली तर नोंदवहीतल्या दहाही जणांप्रमाणे एकच डोळा जातो. त्याच बाजूची पापणी सुजलेली, कपाळावर दाबाचा वळ, तिथली कातडी बधिर, कधी डोळा नीट फिरत नाही. फंडस, म्हणजे डोळ्याचा आतला मागचा भाग, पाहिला तर रेटिना पांढुरका आणि मधोमध लालभडक ठिपका. नर्व्हच्या प्रकारात दोन तृतीयांश जणांचे दोन्ही डोळे जातात. मागच्या भागाला इजा असेल तर फंडस सुरुवातीला अगदी नॉर्मल दिसतो आणि फसगत होते ती इथेच. डिस्क, म्हणजे नर्व्हचं डोळ्यात दिसणारं टोक, फिकी पडायला काही आठवडे लागतात. उजेडाला बाहुली मंद आकसते किंवा आकसतच नाही, हाच तेव्हाचा पुरावा. म्हणून डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी टॉर्चने बाहुल्या पाहून केसपेपरवर लिहाव्यात.

डोळा लाल होऊन खुपत असेल, पाणी येत असेल, तर बहुधा कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा असतो. तो एक-दोन दिवसांत भरतो. दिसत नाही पण बाहुल्या व्यवस्थित आकसतात, तर दृष्टी सांभाळणाऱ्या, मेंदूच्या मागच्या भागाचा विचार करून तातडीने स्कॅन करावा.

ऑपरेशन सोलापुरातच करा किंवा पुण्या-हैदराबादला न्या, आधी भूलतज्ज्ञांना भेटा आणि नेमकं विचारा. किती तास लागतील? किती रक्त जाईल? डोकं हृदयाच्या पातळीत किंवा वर राहील का? पोट मोकळं लटकेल असं टेबल आहे, की डोकं खाली जाणारी विल्सन फ्रेम? २०१२ च्या अभ्यासात पुरुष असणं, लठ्ठपणा, विल्सन फ्रेम, लांबलेली भूल, जास्त रक्तस्राव आणि शिरेतून दिलेल्या द्रवांत कोलॉइडचं (रक्तवाहिनीत जास्त वेळ टिकणाऱ्या द्रवाचं) कमी प्रमाण या सहा गोष्टींशी नर्व्हची इजा जोडलेली आढळली. ऑपरेशन फारच लांबणार असेल, तर दोन टप्प्यांत करता येईल का, हेही विचारा. धमनीच्या प्रकारासाठी प्रश्न एकच: हेडरेस्टवरचे डोळे ऑपरेशन चालू असताना ठरावीक वेळाने कोण तपासणार?

पेशंट जागा झाला की एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावा, कारण एक डोळा चांगला असला की दुसरा गेल्याचं त्याला कळतही नाही. भुलीत डोळ्यांत घातलेल्या मलमामुळे धूसर दिसत असेल, असं समजून तो गप्पही राहतो; मलम पुसून पुन्हा विचारा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक आजीला तेलुगूत, अक्कलकोटकडच्या माणसाला कन्नडमध्ये विचारा. भुलीतून उठणाऱ्याला आपलीच भाषा आधी कळते. शंका आली तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याच तासाला नेत्रतज्ज्ञांना बोलवायला लावा. धमनीच्या प्रकारात हातात वेळ फारच थोडा असतो. नर्व्हच्या प्रकारात रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सावरतात. खात्रीचा उपचार दोन्हींवर नाही. स्टेरॉइडचा फायदाही सिद्ध झालेला नाही.