एका ‘पर्यंत’चे दोन दावेदार: ‘बाय’ आणि ‘टिल’

‘आय विल सेंड द फाइल टिल फ्रायडे’ हे वाक्य मी तपासायला आलेल्या पत्रांत इतक्या वेळा दुरुस्त केले आहे की आता पेन आपोआप ‘टिल’वर जाऊन थांबते. लिहिणाऱ्याला एवढेच म्हणायचे असते की फाइल शुक्रवारपर्यंत मिळेल. परदेशातला वाचणारा मात्र हीच फाइल शुक्रवार उजाडेपर्यंत रोज पाठवली जाणार आहे की काय, अशा बुचकळ्यात पडतो. ही चूक करणाऱ्यांना इंग्रजी येत नाही असे मुळीच नाही. त्यांना त्यांच्याच मराठीतल्या ‘पर्यंत’ने दगा दिलेला असतो.

‘बाय’चे बाकीचे अर्थ आपल्याला फारसे अडवत नाहीत, कारण त्यांतले बरेच आपण मराठीत मुरवून घेतले आहेत. दहा बाय बाराची खोली, हॉटेलातले वन बाय टू सूप किंवा सोसायटीचे बाय-लॉज मुंबईकराला समजावून सांगावे लागत नाहीत. (बाय-लॉजमधला ‘बाय’ वस्ती या अर्थाच्या जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन भाषेतल्या, शब्दाशी जोडला जातो आणि इंग्लंडमधल्या डर्बी, व्हिटबी या गावांच्या नावांतही तोच शब्द आहे, ही गंमत जाता जाता.) कर्त्याचा ‘बाय’ म्हणजे आपला ‘ने’ किंवा ‘कडून’, वाहनाचा ‘बाय’ म्हणजे ‘लोकलने’मधला ‘ने’, फक्त पायी जाण्याला ‘बाय वॉक’ म्हणू नये, तिथे ‘ऑन फुट’च हवे. निरोपाचा ‘बाय’, खरेदीचा ‘बाय’ आणि कोळीवाड्यातली ‘बाय’ हे तर उच्चारापुरतेच सोबती.

खरा घोळ वेळेच्या ‘बाय’चा आहे. ‘पाचपर्यंत ये’ आणि ‘पाचपर्यंत थांब’ ही दोन्ही वाक्ये मराठीत बिनचूक आहेत आणि ऐकणाऱ्याचा कधीही गोंधळ होत नाही, कारण ‘पर्यंत’ केवळ मर्यादा दाखवते आणि त्या मर्यादेच्या अलीकडे काय घडायचे आहे, हे सांगण्याचे काम क्रियापद करते. येणे ही एकदा घडून संपणारी क्रिया आहे, ती पाचच्या आधी केव्हाही घडली तरी चालते. थांबणे ही सलग चालणारी अवस्था आहे, ती पाचला संपते. इंग्रजी मात्र हा भेद क्रियापदावर न सोडता दोन वेगळे शब्द मागते: एकदाच घडणाऱ्या गोष्टीच्या मुदतीला ‘बाय’ आणि चालू राहणाऱ्या गोष्टीच्या शेवटाला ‘टिल’. हवामान विभागाने 2020 मध्ये सुधारलेल्या सर्वसाधारण तारखांनुसार मान्सून मुंबईत 11 जूनला दाखल होतो आणि 8 ऑक्टोबरला माघार घेतो. तो 11 जूनपर्यंत येतो तिथे ‘बाय’ आणि 8 ऑक्टोबरपर्यंत मुक्काम ठोकतो तिथे ‘टिल’.

क्रियापदांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा मी एक मराठी कसोटी वापरतो. ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ घालून पाहावे. ‘शुक्रवारच्या आत फाइल पाठवा’ हे वाक्य उभे राहते, म्हणून तिथे ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत वाट पाहा’ हे वाक्य कोसळते, म्हणून तिथे ‘टिल’. ‘आत्तापर्यंत’ आणि ‘तोपर्यंत’ या शब्दांत ‘आत’ घालता येत नाही, तिथे क्रियापदाकडेच पाहावे लागते: ‘आत्तापर्यंत तो घरी पोहोचला असेल’ येथे ‘बाय नाऊ’, पण ‘आत्तापर्यंत तो इथेच बसला होता’ येथे ‘टिल नाऊ’.

‘असणे’ हे क्रियापद आले की मराठीही हात टेकते. ‘मी सहापर्यंत ऑफिसात असेन’ असा निरोप आला, तर माणूस सहाला येणार आहे की सहाला निघणार आहे? मराठीत हे संदर्भावरून ठरते. इंग्रजीत ‘बाय सिक्स’ म्हटले तर तो तोवर येऊन पोहोचलेला असेल आणि ‘टिल सिक्स’ म्हटले तर तो त्यानंतर तिथे सापडणार नाही. नकारात तर फरक आणखी बोचतो. ‘आय वोन्ट रीच बाय सिक्स’ म्हणजे सहाची वेळ हुकणार, मग केव्हा येईन कोणास ठाऊक. ‘आय वोन्ट रीच टिल सिक्स’ म्हणजे सहाच्या आधी येणार नाही, पण सहाच्या सुमारास येईन. पहिल्या निरोपावर बैठक पुढे ढकलावी लागते आणि दुसऱ्यावर चहा मागवून थांबता येते. मराठीत दोन्हींसाठी आपण ‘सहापर्यंत पोहोचणार नाही’ असेच म्हणतो, आणि तेच शब्दशः इंग्रजीत उतरवणारा दोनांपैकी एक शब्द नशिबावर हवाला ठेवून निवडतो.

याच घरातली दुसरी चूक मला अधिक खुपते: ‘अनटिल ही डझन्ट कम, आय विल वेट’. हिचा उगम ‘तो येत नाही तोपर्यंत मी थांबेन’ या अस्सल मराठी रचनेत आहे. आपला ‘नाही’ वाट पाहण्याच्या काळाचे वर्णन करतो. इंग्रजी ‘अनटिल’ मात्र तो काळ ज्या घटनेने संपतो त्या घटनेकडे बोट दाखवते, आणि ती घटना म्हणजे येणे, न येणे नव्हे. म्हणून भाषांतर करताना ‘येत नाही तोपर्यंत’ हे रूप बाजूला ठेवून ‘येईपर्यंत’ या रूपावरून इंग्रजी वाक्य बांधावे. ‘नॉट’ आपोआप गळून पडतो.

‘धिस ट्रेन गोज टिल अंधेरी’ हे मी बोलण्यात सोडून देतो, लिहिण्यात नाही. आजच्या प्रमाण इंग्रजीत ‘टिल’ काळासाठी आहे आणि स्थळासाठी ‘अप टू’ किंवा ‘अ‍ॅज फार अ‍ॅज’ वापरतात. गंमत अशी की ‘टिल’ ज्या उत्तरेकडच्या भाषाकुळातला आहे तिथे त्याचा अर्थच ‘कडे’ असा आहे, आणि स्वीडिश माणूस आजही ‘टिल स्टॉकहोम’ जातो. ‘टिल’ हे ‘अनटिल’चे लघुरूप समजून त्याच्या डोक्यावर लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) ठेवणाऱ्यांनाही हे सांगायला हवे की दोघांत ‘टिल’च थोरला आहे.

राहिला रजेचा अर्ज. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो, त्यावर वाद नाही. ‘ऑन लीव्ह टिल फ्रायडे’ वाचून आपल्याकडे शुक्रवारीही रजाच समजतात, पण लंडनचा ग्राहक शुक्रवारी सकाळी फोन लावू शकतो. मी अशा अर्जात ‘टिल’ खोडून ‘बॅक ऑन मंडे’ एवढेच लिहितो.