आरशासारखा रुपया: टांकसाळीतला आणि बफवरचा

जुन्या चांदीच्या रुपयांच्या जाहिरातींत हल्ली ‘प्रूफलाइक’, म्हणजे टांकसाळीतूनच आरशासारखं चकचकीत निघालेलं नाणं, हा शब्द अगदी स्वस्त झालाय. फोटोत राणीछाप लखलखत असतो, विकणारा म्हणतो ‘आरसा आहे आरसा’, आणि भाव साध्या रुपयाच्या कित्येक पट. यातली बरीच नाणी टांकसाळीतून आरसा होऊन आलेली नसतात. दिवाळीच्या तोंडावर कुणी तरी त्यांना सराफाकडून बफवर, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर, उजाळा देऊन आणलेला असतो. दोन्हींत तुमचा चेहरा दिसतो. पण पहिल्यासाठी संग्राहक रांग लावतात आणि दुसऱ्याला चांदीच्या भावावर फार तर थोडं चढवून देतात.

फरक समजायचा तर चकाकी येते कुठून, ते आधी पाहू. टांकसाळीतल्या पोलादी ठशावर, म्हणजे डायवर, सगळं उलटं असतं. नाण्यावर उठून दिसणारा राणीचा चेहरा डायमध्ये खोल खोदलेला, आणि नाण्याची मोकळी सपाट जागा डायवर सगळ्यात वर. डाय नवा असताना, किंवा मध्ये चकती न येता दोन डाय एकमेकांवर आपटून डागाळले की, तो घासून गुळगुळीत करतात. घासणी लागते ती फक्त वरच्या सपाट भागाला, खोलातल्या चेहऱ्यापर्यंत ती पोहोचतच नाही. अशा डायखालून निघालेल्या पहिल्या काही नाण्यांची मोकळी जागा आरशासारखी उतरते आणि चेहरा मात्र किंचित दुधाळ, धुकट राहतो. पुढे दर ठोक्याला चांदी मधून कडेकडे सरकते, डाय घासते आणि त्यावर केसापेक्षा बारीक, कडेकडे धावणाऱ्या रेघा पडतात. आरसा संपतो आणि त्याच्या जागी ते ओळखीचं लस्टर येतं: नाणं तिरकं करून फिरवलं की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. एकेका सालात कोट्यवधी रुपये पाडले गेले, त्यांत खरे आरसे थोडेच का, हे यावरून कळेल.

प्रूफ, म्हणजे चलनासाठी नव्हे तर खास पाडलेलं नाणं, हे याहून वेगळं प्रकरण. तिथे डायबरोबर कोरी चकतीही चकचकीत केलेली असते, ठोका एकाहून जास्त वेळा पडतो आणि कड चौकोनी, धारदार उठते. मुंबई आणि कोलकाता टांकसाळींनी जुन्या डायवरून संग्राहकांसाठी पुन्हा पाडलेले रुपयेही बाजारात फिरतात, त्यांना रिस्ट्राइक म्हणतात. ते आरसाच असतात, पण लिलावाच्या यादीत त्यांची नोंद निराळी होते आणि किंमतही निराळी लागते. इथे प्रश्न चलनासाठी पाडलेल्या नाण्याचा आहे.

आरसा किती खोल, हे मोजायची रीत रूढ केली ती अमेरिकी संग्राहकांनी, मॉर्गन डॉलरवर. हा ९० टक्के चांदीचा, ३८.१ मिलिमीटर व्यासाचा डॉलर १८७८ ते १९०४ आणि नंतर १९२१ मध्ये निघाला. सॅन फ्रान्सिस्को आणि कार्सन सिटीच्या टांकसाळींतले आरसे विशेष नावाजलेले. छापील मजकूर नाण्यासमोर धरायचा आणि प्रतिबिंबातली अक्षरं किती अंतरावरून स्वच्छ दिसतात ते पाहायचं. साधारण दोन ते चार इंचांपर्यंत स्पष्ट दिसली तर प्रूफलाइक, त्यापलीकडेही दिसत राहिली तर डीप मिरर. दोन्ही बाजू कसोटीला उतरल्या पाहिजेत, एकच बाजू चालत नाही.

आपल्या रुपयाला ही रीत लावताना जरा सांभाळून. तो ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा असला तरी आकाराने मॉर्गनपेक्षा बराच लहान, आणि मागची बाजू वेलबुट्टीने भरलेली. अक्षरं उमटायला जागा उरते ती पुढच्या बाजूला, चेहऱ्यासमोर आणि मानेमागे. मागे मधल्या वर्तुळात ‘वन रुपी इंडिया’च्या ओळींमध्ये जी पट्टी सापडेल तेवढीच. पण मुळात अंतर मोजून चकाकी किती हे कळतं, कुणी दिली हे कळत नाही. ताज्या बफचा रुपया चार इंचांची परीक्षा हसत हसत पास होतो.

मी आधी चकाकी बघतच नाही, झीज बघतो. व्हिक्टोरियाच्या मुकुटाची नक्षी, एडवर्डच्या कानावरचे केस, पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरचा तो प्रसिद्ध हत्ती (१९११ साली लोकांना डुक्कर वाटला आणि १९१२ला टांकसाळीला बदलावा लागला) ही उंच ठिकाणं सपाट झाली असतील तर नाणं भरपूर हिंडलंय. जे नाणं खिशांतून, गल्ल्यांतून आणि कनवटीला लावून वर्षानुवर्षं फिरलं, त्याची मोकळी जागा आरशासारखी राहील कशी? घासल्यावर सगळ्यात आधी जातो तो आरसाच. चेहरा झिजलेला आणि मैदान, म्हणजे ती मोकळी जागा, लखलखीत, ही जोडी टांकसाळीतून येत नाही. विकणाऱ्याशी वाद न घालता नाणं परत ठेवायचं. बाजारातली निम्मी भानगड इथेच मिटते.

उरतात ती कमी झिजलेली, कोरीकरकरीत दिसणारी नाणी. त्यांना दहापट भिंग आणि एकच पिवळा दिवा लागतो. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात काहीच कळत नाही. नाणं कडेने धरा आणि एका अक्षराच्या पायथ्यापाशी भिंग न्या.

खऱ्या आरशावरही रेघा असतात, आणि पुष्कळजण तिथेच चकतात. डाय घासताना त्यावर ओरखडे उठतात, त्या खाचांत चांदी शिरते, म्हणून नाण्यावर त्या रेघा वर उचललेल्या असतात. त्या मोकळ्या जागेत सरळ धावतात, अक्षराच्या पायथ्याशी येऊन थांबतात आणि पलीकडे त्याच दिशेने पुन्हा सुरू होतात. अक्षरावर चढत नाहीत, गालावर तर कधीच नाहीत, कारण डायमध्ये गाल खड्ड्यात होता. उजाळ्याच्या रेघा याच्या नेमक्या उलट: धातूत खरवडलेल्या, खोल. वाटेत अक्षर आलं तर त्यावरून, नाक आलं तर नाकावरून बेधडक जातात. रेघ उंच की खोल हे ओळखणं सवयीचं काम आहे, ते पहिल्या दिवशी जमणार नाही. पण रेघ अक्षर ओलांडते की नाही, हे कुणालाही दिसतं.

बफच्या चाकाची आणखी एक खूण. कापडी चाक उंचवट्यांवर दाबून फिरतं, पण अक्षरांच्या बेचक्यांत शिरत नाही. त्यामुळे बाहेर लख्ख आणि दोन अक्षरांच्या मधे, ‘ओ’ आणि ‘डी’च्या पोटात, निस्तेज करडी जागा उरते. अक्षरांच्या कडा गोल होतात, जणू जागेवरच विरघळायला लागल्यात. खरा आरसा अक्षराच्या पायाशी अगदी टेकलेला असतो आणि ‘ओ’च्या पोटातही तितकाच झळकतो. पंचम जॉर्जच्या रुपयावर खालच्या कमळापाशी मुंबईचा बारीक ठिपका असतो. भिंग तिथे न्या. ठिपका टोकदार उठलेला आहे का आणि त्याच्याभोवतीची जागा बाकीच्या नाण्याइतकीच चमकते का, ते बघा. चेहऱ्याचंही तेच. खऱ्यात चेहरा दुधाळ आणि मैदान काळंशार दिसतं. बफवाल्यात चेहरा आणि मैदान एकाच सुरात चकाकतात.

घरचा उजाळा याहून सौम्य असतो, पण खुणा सोडतोच. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच, राख, रांगोळी, हल्ली टूथपेस्ट. हाताने घासल्यामुळे रेघा गोल गोल, गुच्छागुच्छाने दिसतात, आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत पांढरी किंवा काळी घाण अडकून राहते. पूजेतल्या नाण्याला कुणी नावं ठेवू नयेत, ते विकायला ठेवलेलंच नसतं. पण तेच नाणं पुढे ‘आजोबांच्या पेटीतला प्रूफलाइक’ म्हणून विक्रीला येतं, तेव्हा पंचाईत होते.

महाराष्ट्रात कडही तपासायला हवी. रुपयांच्या माळा आपल्याकडे सर्रास व्हायच्या. झाळलेली कडी काढली की तिथले कडेवरचे दाते बुजतात, आणि तो डाग लपवायला नाणं बफवर जातं. मुकुटाच्या वरच्या बाजूला कड हळूच फिरवून बघा. दाते एका जागी बसके किंवा भरलेले असतील तर पुढची तपासणी करायची गरज उरत नाही.

काळं पडलेलं नाणं मात्र चटकन नाकारू नका. चांदीवर हवेतल्या गंधकाने चढलेल्या निळ्या-तपकिरी थराखाली आरसा शाबूत असू शकतो. तिरकं धरलं की थराआडून प्रतिबिंब दिसतं. असं नाणं घासलं की आरसा कायमचा गेला.

एनजीसीसारख्या, नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या अमेरिकी संस्था खऱ्या आरशाला प्रतीच्या अंकापुढे ‘पीएल’ (प्रूफलाइक) लावतात. घासलेल्याला अंकच मिळत नाही, ‘डीटेल्स’ लिहून पुढे ‘पॉलिश्ड’ किंवा ‘क्लीन्ड’ असा शेरा येतो. पण शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे १९०१चा राणीछाप किंवा १९१८चा राजाछाप कुरिअरने अमेरिकेला पाठवून निवाडा आणणं आपल्याला बंद. फोटोवरून घ्यायचंच असेल तर एका दिव्याखाली नाणं सावकाश तिरकं करत काढलेला व्हिडिओ मागा, दोन्ही बाजूंचा आणि कडेचाही. देणारा टाळाटाळ करू लागला तर भाव साध्या रुपयाचाच बोला.