पासवर्डऐवजी सर्टिफिकेट: मागची गोष्ट

सदाशिव पेठेतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात ड्रॉवर उघडला, की नावांच्या चिठ्ठ्या लावलेली यूएसबी टोकनं, म्हणजे डिजिटल सही साठवणाऱ्या पेनड्राइव्हसारख्या काड्या दिसतात. २००६ साली एमसीए-२१ हे कंपनी मंत्रालयाचं ऑनलाइन पोर्टल आलं, कंपन्यांचे फॉर्म डिजिटल सहीने भरले जाऊ लागले आणि त्या सहीमागचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, पुण्यातल्या ऑफिसाऑफिसांत पोचलं. वेब सर्व्हरवर क्लायंट सर्टिफिकेटचं लॉगिन (पासवर्डऐवजी वापरणाऱ्याने स्वतःचं सर्टिफिकेट दाखवून आत जाणं) आपण बसवतो, तेव्हा वापरतो ते याच जातीचं. त्याचं मूळ मात्र १९७८ सालचं.

पब्लिक कीची कल्पना (किल्ल्यांची जोडी: एक सगळ्यांना द्यायची पब्लिक की, दुसरी स्वतःजवळ गुप्त ठेवायची प्रायव्हेट की) १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडली होती. पण अमुक की अमक्याचीच, हे कशावरून मानायचं? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या लॉरेन कोनफेल्डरने १९७८ मध्ये आपल्या पदवीच्या प्रबंधात उत्तर दिलं: नाव आणि की एकत्र लिहा, खाली विश्वासातल्या तिसऱ्याची सही घ्या. १९८८ मध्ये एक्स.५०९ या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याला ठरलेला साचा दिला. (पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली तीही त्याच वर्षी, आणि आज ती संस्था स्वतः परवानाधारक सर्टिफाइंग ऑथॉरिटी, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणारी तिसरी, आहे. हा योग मला फार आवडतो.)

ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपच्या १९९५च्या एसएसएलमध्येच (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवणारी पद्धत; तिचंच पुढचं रूप टीएलएस) ब्राउझरकडे सर्टिफिकेट मागायची सोय होती. प्रायव्हेट की सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे सर्व्हर फुटला तरी तिथून ती चोरीला जात नाही. तरी हे लॉगिन मागे पडलं, कारण सर्टिफिकेटं वाटणं, मुदत संपली की बदलणं, हरवलं की रद्द करणं हे सगळं कुणीतरी सांभाळावं लागतं.

आज सेटअप करणारा अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. जुन्या पद्धतीत अपाची या वेब सर्व्हरवर एकाच फोल्डरला सर्टिफिकेटची अट लावत. आधी साधं कनेक्शन, मग मधेच पुन्हा हँडशेक (ब्राउझर आणि सर्व्हरने सुरुवातीला एकमेकांची ओळख पटवून कनेक्शन ठरवणं), म्हणजे रीनिगोशिएशन. २००९ मध्ये मार्श रे आणि स्टीव्ह डिस्पेन्सा यांनी त्यातलं भोक दाखवलं: मधला हल्लेखोर आपली रिक्वेस्ट आधी घुसवतो आणि सर्व्हर ती नंतर आलेल्या सर्टिफिकेटवाल्याची समजतो. फेब्रुवारी २०१०च्या आरएफसी ५७४६ या इंटरनेट मानकाने ते बुजवलं. पण २०१५ मध्ये एचटीटीपी/२ने (वेबपानं मागवायच्या पद्धतीची नवी आवृत्ती) कनेक्शन सुरू झाल्यावर रीनिगोशिएशनला मनाई केली आणि २०१८च्या टीएलएस १.३ने ते काढूनच टाकलं. टीएलएस १.३ने त्याऐवजी दिलेला, हँडशेक झाल्यावर सर्टिफिकेट मागायचा पर्याय ब्राउझरांनी फारसा उचलला नाही.

म्हणून जुनी कृती पाहून फोल्डरपुरती अट लावली, की ब्राउझर सर्टिफिकेट विचारतच नाही आणि थेट ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही' हा एरर येतो. मी तरी वेगळा सबडोमेन (त्याच साइटचा वेगळा पत्ता) घेऊन पहिल्याच हँडशेकमध्ये सर्टिफिकेट मागतो. पूर्वी पहिल्या हँडशेकमध्ये ते उघडंच जायचं, वाटेत कुणीही नाव वाचू शकायचं, टीएलएस १.३मध्ये ते एन्क्रिप्ट होऊन जातं.