जीएमपीच्या नियमांमागचा इतिहास: रिटॉर्टपासून कोरड्या साफसफाईपर्यंत

रिटॉर्टवर, म्हणजे डबे वाफेच्या दाबाखाली तापवण्याच्या बंद भांड्यावर, अचूक तापमापक हवा. डबे थंड करण्याच्या पाण्यात क्लोरीन हवे. कच्चे दूध आणि पाश्चरीकृत दूध यांच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या नकोत. अन्ननिर्मितीच्या उत्तम उत्पादन पद्धतींच्या, म्हणजे जीएमपीच्या यादीत अशा ओळी एकाखाली एक येतात आणि सगळ्यांचे वजन सारखेच वाटते. पण यांतल्या बऱ्याच ओळींना तारीख आहे. कधीतरी कुठेतरी लोक आजारी पडले, कारण सापडले आणि ते नियमात उतरले. ते कारण ठाऊक नसले की ओळ नुसती पाळली जाते आणि घाईच्या दिवशी सर्वांत आधी तीच गाळली जाते.

सुरुवात डबाबंद अन्नापासून करावी लागते, कारण उष्णतेचा हिशोब तिथे प्रथम मांडला गेला. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईकाराने काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच ठोकून ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत 1810 मध्ये प्रसिद्ध केली. जंतूंची भूमिका पाश्चरने दाखवली ती त्यानंतर अर्ध्या शतकाने. त्यामुळे आपेरची पद्धत चालत होती, पण ती का चालते आणि कधी फसते हे कोणालाच सांगता येत नव्हते. 1895 नंतरच्या तीन-चार वर्षांत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रेस्कॉट आणि अंडरवुड या संशोधकांनी डब्याच्या आत तापमापक ठेवून पाहिले. भांड्याचे तापमान आणि डब्याच्या मध्याचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घट्ट पदार्थात मध्यापर्यंत उष्णता फार सावकाश पोहोचते, हे त्यांनी दाखवले.

या शोधाची खरी किंमत 1919-20 मध्ये कळली. अमेरिकेत काचेच्या बरण्यांतील काळ्या ऑलिव्हमुळे बॉट्युलिझमच्या विषबाधा होऊन माणसे दगावली. हे विष बनवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली चिवट सुप्त अवस्था, 100 अंश सेल्सिअसवर तासन्‌तास तग धरतात, म्हणजे नुसते उकळणे पुरेसे नाही. 1922 मध्ये एस्टी आणि मायर या संशोधकांनी केलेल्या मोजमापांवरून पुढे आकडा ठरला: बीजाणूंची संख्या एकामागे बारा शून्ये इतक्या पटीने घटवायची तर 121.1 अंशांवर सुमारे 2.5 मिनिटे लागतात. उद्योगात तो 3 मिनिटे धरला जातो. ही 3 मिनिटे डब्यातल्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या बिंदूवर मिळायला हवीत. म्हणून रिटॉर्टमध्ये प्रत्यक्ष लागणारा वेळ डब्याचा आकार, पदार्थाचा घट्टपणा, भरलेले वजन आणि वर सोडलेली मोकळी जागा यांवर ठरतो. रस्सा थोडा दाट झाला किंवा फोडी थोड्या मोठ्या कापल्या, तरी जुने वेळापत्रक निरुपयोगी ठरते.

तापमापकाचा आग्रह इथून येतो. शुद्ध वाफ 121 अंशांवर असते तेव्हा दाबमापक सुमारे 1.05 बार दाखवतो. पण सुरुवातीला रिटॉर्टमधली हवा पूर्ण बाहेर काढली नाही, तर दाब तोच दिसतो आणि तापमान खाली राहते. एकूण दाबातला चौथा हिस्सा हवेचा असेल तर तापमान 112 अंशांच्या आसपासच अडकते. दर 10 अंशांमागे मारकशक्ती दहापट बदलते, हे लक्षात घेतले तर 112 अंशांवर ती जेमतेम एक-अष्टमांश उरते. कागदावर सगळे ठीक, डब्यात बीजाणू जिवंत. म्हणून दाबावर विसंबायचे नाही आणि आलेख काढणाऱ्या यंत्राने कधीही तापमापकापेक्षा जास्त तापमान दाखवता कामा नये.

कायद्यातला निर्णायक शब्दबदल 1938 चा. अमेरिकेच्या 1906 च्या अन्न कायद्यात भर होता तो पदार्थात काय सापडले यावर. 1938 च्या कायद्याने म्हटले की अस्वच्छ परिस्थितीत तयार केलेला, भरलेला किंवा साठवलेला पदार्थ त्या परिस्थितीमुळे दूषित झालेला ‘असू शकेल’, तर तेवढ्यानेच तो भेसळयुक्त ठरेल. डब्यात उंदराची लेंडी सापडण्याची वाट पाहायची गरज उरली नाही; गोदामात उंदीर फिरतो आहे, एवढे पुरे. आजच्या जीएमपीचा पाया हेच वाक्य आहे. औषधांसाठी 1963 मध्ये नियम आले आणि या वाक्याच्या आधारे अन्नासाठी 1969 मध्ये. त्याच वर्षी अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने अन्नस्वच्छतेची सर्वसाधारण तत्त्वे स्वीकारली.

त्या दशकातली सर्वांत बोलकी घटना स्कॉटलंडमधल्या अबर्डीनची. 1964 मध्ये तिथे 400 हून जास्त लोकांना विषमज्वर झाला. माग अर्जेंटिनाहून आलेल्या कॉर्न्ड बीफच्या मोठ्या डब्यापर्यंत गेला. मांस पुरेसे शिजले होते. चूक त्यानंतर झाली. तापलेला डबा थंड होताना आतली वाफ आकसते, पोकळी तयार होते आणि सांध्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीतून बाहेरचे पाणी थेंबभर आत ओढले जाते. ते पाणी क्लोरीन न घातलेले नदीचे होते. पुढे दुकानात काप करण्याच्या यंत्राच्या पात्यावरून जंतू इतर थंड मांसांवर पसरले. थंड करण्याच्या पाण्यात, ते बाहेर पडतानाही, क्लोरीन शिल्लक आहे का हे मोजतात ते यासाठी. डबे सुमारे 40 अंशांपर्यंतच थंड करतात, म्हणजे उरलेल्या उबेने बाहेरची बाजू आपोआप वाळते आणि उष्णताप्रिय जीवाणूंनाही आत वाढायला फारसा वाव मिळत नाही. ओला डबा हाताने उचलू नये, ओल्या पट्ट्यावर आपटू देऊ नये, हेही त्यातच आले.

1971 मध्ये अमेरिकेत कमी तापवलेल्या डबाबंद सूपने एकाचा बळी घेतला. 1973 मध्ये कमी आम्लतेच्या, म्हणजे 4.6 पेक्षा जास्त सामू (पीएच) असलेल्या डबाबंद पदार्थांसाठी स्वतंत्र नियम आले: प्रक्रिया जाणकाराने ठरवलेली, चालक प्रशिक्षित, प्रत्येक बॅचची नोंद लिहिलेली.

याच काळात हॅसेप, म्हणजे धोक्याचे टप्पे आधीच ओळखून तिथे नियंत्रण ठेवण्याची पद्धत, पुढे येत होती. अंतराळवीरांचे अन्न बनवताना पिल्सबरी कंपनी, नासा आणि नाटिकची लष्करी प्रयोगशाळा यांच्या लक्षात आले की तयार मालाच्या चाचण्यांनी खात्री मिळवायची तर बहुतेक माल चाचण्यांतच संपतो. गणित सोपे आहे. लॉटमधली 1 टक्का पाकिटे दूषित असतील आणि 60 तपासली, तर एकही दूषित पाकीट हाती न लागण्याची शक्यता सुमारे 55 टक्के. प्रमाण 0.1 टक्का असेल तर 94 टक्के. नमुना स्वच्छ आला म्हणून लॉट सोडणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लावावेत, इतके ते महत्त्वाचे आहेत. मात्र हॅसेप आली म्हणून जीएमपी मागे पडली, ही समजूत चुकीची आहे. हॅसेप मोजक्या टप्प्यांवर पहारा ठेवते. हात, नळ्या, नाल्या आणि गोदाम सांभाळते ती जीएमपी.

नळ्यांचे उदाहरण 1985 चे. अमेरिकेत इलिनॉय आणि शेजारच्या राज्यांत पाश्चरीकृत दुधातून साल्मोनेला हा आजार घडवणारा जीवाणू पसरला आणि 16,000 हून जास्त रुग्णांत तो तपासणीने सिद्ध झाला. संशय गेला तो कच्च्या आणि पाश्चरीकृत दुधाच्या नळ्यांमधल्या जोडावर. दूध 72 अंशांवर 15 सेकंद ठेवण्यात चूक नसली तरी पुढे कच्च्या दुधाचा थेंब मिसळला की सगळे फुकट. गरम पाश्चरीकृत दुधाची उष्णता पातळ पत्र्यापलीकडच्या कच्च्या दुधाला देणाऱ्या भागात पाश्चरीकृत बाजूचा दाब कच्च्या बाजूपेक्षा नेहमी जास्त ठेवतात, म्हणजे पत्र्याला चीर पडलीच तर गळती उलट दिशेने होते. 1994 मध्ये आइस्क्रीमचे मिश्रण कच्च्या अंड्यांचा द्रव वाहून आलेल्या टँकरमधून नेले गेले आणि अंदाजे 2,24,000 लोक आजारी पडले. जीएमपी कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही, हे तेव्हा सर्वांना पटले.

शेवटचा मोठा बदल कोरड्या पदार्थांनी घडवला. 2008-09 मध्ये अमेरिकेत शेंगदाण्याच्या लगद्यातून साल्मोनेला पसरून 700 हून जास्त लोक आजारी पडले. त्यानंतर तिथे 2011 चा अन्नसुरक्षा कायदा आला. 2015 च्या नियमांत जीएमपीतली ‘असावे’ अशी ऐच्छिक वाक्ये एकतर गाळली गेली किंवा बंधनकारक झाली, प्रशिक्षण सक्तीचे झाले आणि ॲलर्जीकारक घटकांचा अनवधानाने होणारा संपर्क टाळणेही त्यात आले. कोरड्या उत्पादनात धुण्याचा जुना नियमच उलटतो. साल्मोनेला कोरड्या भुकटीत महिनोन्‌महिने नुसता टिकतो. पाणी मिळाले की वाढतो. गळके छप्पर, घाम धरलेली नळी, घाईने मारलेला पाण्याचा फवारा, सगळे त्याला सारखेच. अशा विभागात खरवडणी, ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरतात. पाणी वापरावेच लागले तर तेवढे यंत्र बाजूला काढून धुतात आणि सांध्यांसकट पूर्ण कोरडे झाल्याची खात्री करूनच पुन्हा जोडतात.