भंगार नव्हे, ७०५०

विमानाच्या पंखातली एखादी रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी, ८ किलोची असेल, तर ती ७०५० सारख्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या ज्या प्लेटमधून कोरतात ती १०० किलोची असू शकते. बाकीचे ९२ किलो चिप्स, म्हणजे धातूची कातरण, होऊन कन्व्हेयरवर पडतात. हा निष्काळजीपणा नाही. तुकडे रिव्हेटने जोडले की प्रत्येक भोकाशी तडा जाण्याचा धोका वाढतो, म्हणून अखंड प्लेटमधूनच खिसे कोरत जाऊन पातळ भिंतींचा एकसंध भाग काढतात. विमान उद्योगातल्या कचऱ्याचा विचार या चिप्सपासूनच सुरू करायला हवा.

हुक्केरी तालुक्यात हत्तरगीच्या एरोस्पेस विशेष आर्थिक क्षेत्रात मशिनिंग, फोर्जिंग आणि पृष्ठप्रक्रिया (भागांवर संरक्षक थर देणं) एकाच आवारात चालतात. निपाणी-संकेश्वर-बेळगाव पट्ट्यातल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी आज संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर उभं असतं. त्यांच्यातही एक समज पक्का आहे: अ‍ॅल्युमिनियम कितीही वेळा वितळवता येतं, मग चिप्सच्या ड्रममध्ये काय मिसळलं याने काय बिघडतं? यातला पहिला भाग खरा आहे. एक टन नवं अ‍ॅल्युमिनियम करायला सुमारे दोन टन अल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) आणि १३ ते १५ हजार युनिट वीज लागते. भंगार वितळवायला त्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते. दुसरा भाग मात्र साफ चूक आहे.

पोलादाच्या भट्टीत ऑक्सिजन फुंकला की कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरस आधी जळतात आणि वायू किंवा मळी होऊन निघून जातात. लोखंड बरंचसं मागे राहतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीत नेमकं उलटं घडतं. ऑक्सिजनची ओढ अ‍ॅल्युमिनियमलाच इतकी जास्त असते की लोह, तांबं, सिलिकॉन जळायच्या कितीतरी आधी आपला मूळ धातूच जळू लागतो. मॅग्नेशियम क्लोरीन वायूने काढता येतं, जस्त निर्वातात उडवता येतं. पण लोह आणि सिलिकॉन एकदा आत शिरले की ते बाहेर काढायची कारखान्याला परवडणारी रीत नाही. आमटीत मीठ जास्त पडल्यावर पाणीच वाढवावं लागतं, तसं इथे शुद्ध धातू ओतून मिश्रण पातळ करणं एवढंच हातात उरतं.

किती पातळ करायचं, ते मोजू. प्लेटसाठी वापरला जाणारा ७०५० हा मिश्रधातू घ्या. त्यात जस्त ५.७ ते ६.७ टक्के, तांबं २.० ते २.६ टक्के, मॅग्नेशियम १.९ ते २.६ टक्के असतं. लोह जास्तीत जास्त ०.१५ आणि सिलिकॉन ०.१२ टक्के चालतं. मूळ धातूत लोह ०.१ टक्का आहे असं धरा. एक टन चिप्समध्ये जॉब पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरचे बोल्ट, तुटलेले स्क्रू आणि आधीच्या जॉबचा पोलादी चुरा मिळून फक्त ४ किलो लोखंड गेलं, तरी आकडा ०.५ टक्क्यावर पोचतो. तो पुन्हा ०.१५ वर आणायला ०.०५ टक्के लोह असलेलं नवं अ‍ॅल्युमिनियम साडेतीन टन घालावं लागतं. सिलिकॉनचंही तेच: ७०५० च्या ड्रममध्ये शेकडा १५ भाग ६०६१, म्हणजे जास्त सिलिकॉनचा दुसरा मिश्रधातू, पडला की ०.१२ ची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

आता एवढ्याशा लोहाने बिघडतं काय? घन अ‍ॅल्युमिनियममध्ये लोह जेमतेम ०.०५ टक्क्यापर्यंत विरघळतं. उरलेलं लोह धातू गोठताना तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमशी जोडलं जाऊन कठीण, ठिसूळ कण बनवतं. सुमारे ४७५ अंशांच्या उष्णोपचारात जस्त-मॅग्नेशियमचे कण विरघळतात, हे लोहाचे कण तसेच राहतात. उड्डाणागणिक ताण येत-जात राहतो आणि तडा याच कणांपाशी सुरू होतो. म्हणून ०.१५ चा आकडा इतका कडक आहे.

जाहिरातींत ‘एअरक्राफ्ट ग्रेड अ‍ॅल्युमिनियम’ लिहून फोनची कव्हरं आणि तवे विकतात. त्या शब्दांना स्वतःचा काही अर्थ नाही. मिश्रधातूचा क्रमांक, टेम्पर (कोणता उष्णोपचार दिला) आणि हीट नंबर (भट्टीतल्या कोणत्या घाण्याचा) दाखवता येत नसेल, तर ते फक्त अ‍ॅल्युमिनियम आहे.

म्हणजे ही लढाई भट्टीत नाही, मशीनच्या खालच्या ड्रमपाशी जिंकायची आहे. मिश्रधातू बदलताना चिप कन्व्हेयर, ऑगर (चिप्स ढकलणारा स्क्रू) आणि कूलंट (कापताना थंडाव्यासाठी सोडतात तो द्रव) टाकीचा तळ रिकामा करावा. बदलानंतरचा पहिला ड्रम न चुकता ‘मिश्र’ म्हणून बाजूला काढावा. ड्रमवर मिश्रधातूचा क्रमांक लिहावा, झाकण लावावं. चुंबक सुटं पोलाद पकडतो. चिप्सच्या गुंत्यात अडकलेलं पोलाद, बहुतेक स्टेनलेस आणि टायटॅनियम त्याला सापडत नाही. टायटॅनियमचा बारीक चुरा तर वेगळाच ठेवावा, कारण तो पेट घेतो आणि त्यावर पाणी मारलं की आग भडकते.

मग येतो आकार. ९२ किलो धातू घनरूपात ३३ लिटर जागा घेतो, सुट्या चिप्स साडेचारशे लिटर. या चिप्सचा पृष्ठभाग प्रचंड, त्यावर कूलंट चिकटलेलं. तशाच वितळवल्या तर बराच धातू ऑक्साइड होऊन ड्रॉसमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत, जातो. ओल्या चिप्स वितळलेल्या धातूखाली गेल्या तर पाण्याची क्षणात वाफ होते, पाण्यातून हायड्रोजन सुटतो, आणि स्फोट होऊ शकतो. म्हणून लांब गुंडाळ्या तोडायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये कूलंट काढायचं, वाळवायचं आणि दाबून ब्रिकेट (घट्ट वड्या) करायचं, याच क्रमाने.

पृष्ठप्रक्रियेचं सांडपाणी हा वेगळा विषय; त्यातली एकच चूक सांगतो. षट्संयुजी क्रोमियमचं (क्रोमियमच्या विषारी रूपाचं) पिवळं पाणी आधी आम्ल करून, सामू २ ते ३ वर, सोडियम मेटाबायसल्फाइटने हिरवं करायचं, मग चुन्याने सामू ८.५ ते ९ वर नेऊन गाळ बसवायचा. चुना आधी टाकला तर क्रोमियम बसतच नाही. पिवळं पाणी घटप्रभेच्या खोऱ्याकडे निघालंच समजा. बसलेला गाळही धोकादायक कचरा आहे, आणि २०१६ च्या नियमांनुसार तो आवारात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

मिश्र ड्रमचं काय? तो प्रेशर डायकास्टिंगवाल्यांकडे जातो. त्यांच्या एलएम२४ या मिश्रधातूत १.३ टक्क्यापर्यंत लोह चालतं, किंबहुना थोडं असलं तर धातू डायला चिकटत नाही. अडचण जस्ताची आणि त्याहून मॅग्नेशियमची: जस्ताची मर्यादा तिथे ३ टक्के, ७०५० मध्ये त्याच्या दुप्पट; मॅग्नेशियमची ०.३ टक्के, ७०५० मध्ये त्याच्या कितीतरी पट. म्हणून मॅग्नेशियम क्लोरीनने काढणार नसाल तर भट्टीच्या भरणात अशा चिप्स १० टक्क्यांच्या आत ठेवाव्यात, आणि सिलिकॉन वेगळं घालावं.