धोकादायक जात आणि धोकादायक कुत्रा

डेम्पसी ही लंडनमधली पिटबुल कुत्री. १९९२ साली मालकिणीच्या ओळखीतला एक माणूस तिला फिरवायला घेऊन गेला होता. वाटेत तिला उलट्या व्हायला लागल्या म्हणून त्यानं तिच्या तोंडाची मुसकी काढली, आणि नेमके तेव्हाच दोन पोलीस तिथून चालले होते. डेम्पसी कुणाला चावली नव्हती. पण पिटबुल सार्वजनिक जागी मुसकीविना सापडली, एवढा गुन्हा पुरेसा होता. न्यायालयानं तिला मारून टाकायचा आदेश दिला. मग तीन वर्षं अपिलं चालली आणि १९९५ मध्ये ती सुटली, तीही तांत्रिक मुद्द्यावर.

आता जर्मनीतलं हॅम्बुर्ग. जून २००० मध्ये तिथल्या एका शाळेच्या मैदानात खेळणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला दोन कुत्र्यांनी ठार केलं. त्यातल्या एका कुत्र्याबद्दल आधीच तक्रारी झाल्या होत्या. त्याला पट्टा आणि मुसकी लावल्याशिवाय बाहेर काढू नये, असा आदेश मालकाला मिळालेला होता. मालकावर पूर्वीचे गुन्हेही होते. आदेश पाळला जातोय का, हे बघायला मात्र कुणी गेलं नाही.

लंडनची कुत्री जन्मानं दोषी ठरली. हॅम्बुर्गचा कुत्रा कर्मानं दोषी ठरला होता, तरी मोकळा फिरत होता. कुत्र्याच्या हल्ल्यात कुणाचा जीव गेला की ‘कडक कायदा करा’ अशी मागणी होते, आणि त्या मागणीत या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक म्हणजे ठराविक जातींवर बंदी. दुसरी म्हणजे कुत्रा कुठल्याही जातीचा असो, तो पाळणाऱ्यावर नियंत्रण. ऐकताना दोन्ही सारख्याच कडक वाटतात, पण कामाची पद्धत पार वेगळी.

ब्रिटनच्या १९९१ च्या ‘डेंजरस डॉग्ज अॅक्ट’मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात नांदतात. कलम १ जातींचं आहे; सुरुवातीच्या यादीत चार होत्या: पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलिरो. कलम ३ कुठल्याही कुत्र्याला लागू होतं. कुत्रा धोकादायकरीत्या ताब्याबाहेर गेला, म्हणजे तो इजा करील अशी रास्त भीती समोरच्याला वाटली, तर मालक आणि त्या वेळी कुत्रा ज्याच्या ताब्यात होता तो, दोघंही गुन्हेगार ठरू शकतात. गाजलं ते कलम १. त्या वर्षी मुलांवर आणि मोठ्यांवर झालेल्या हल्ल्यांनी वर्तमानपत्रं पेटली होती, कायदा काही आठवड्यांत मंजूर झाला आणि ऑगस्टमध्ये लागूही झाला. मला यातली खरी गंमत त्याच्या चार वर्षं आधीची वाटते. १९८७ साली सरकारनं कुत्र्याचा परवानाच रद्द केला होता. फी होती ३७ पेन्स, वसूल करायचा खर्च त्याहून जास्त. म्हणजे कोणाकडे कुत्रा आहे हे सांगणारी वही आधी बंद केली, आणि मग कुठला कुत्रा चालणार नाही याची यादी काढली.

यादीची पहिली अडचण ओळखण्याचीच. हा कायदा वंशावळ विचारत नाही, डीएनए तपासत नाही. कुत्रा ‘त्या प्रकारचा’ दिसतो का, एवढंच बघतो. २०२३ च्या अखेरीस एक्सएल बुली हा थोराड कुत्रा यादीत आला तेव्हा सरकारनं मोजमापं जाहीर केली: प्रौढ नराची खांद्यापर्यंतची उंची ५१ सेंटिमीटर किंवा अधिक, मादीची ४८. शिवाय डोकं, छाती, पाय यांची वर्णनं. शिंप्यानं माप घ्यावं तसं पोलिसानं टेप घेऊन उभं राहायचं! शिवाय यादी लांबली की लोक पुढच्या प्रकाराकडे वळतात. एक्सएल बुली हा मुळात पिटबुलच्याच घराण्यातला. बंदी असलेल्या भावाची जागा बंदी नसलेल्या भावानं घेतली.

तरीही जातीचा मुद्दा सरसकट झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्राणिप्रेमी मंडळी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाकडे बोट दाखवतात. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवरून त्यात असं निघालं की एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीनं समजावता येतो. ते बरोबरच आहे. पण ‘कुत्रा चावेल का’ आणि ‘चावला तर माणूस वाचेल का’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. स्वभाव जातीवर फारसा अवलंबून नसेल; वजन, जबड्याची ताकद आणि धरलं की न सोडण्याची खोड मात्र बरीच असते. पॉमेरियन चावतो, दिवसातून दोनदा चावतो, आपण टिंक्चर लावून पुढे जातो. (तान्ह्या बाळाचा जीव पॉमेरियननंही घेतलेला आहे, अमेरिकेत, २००० साली, पण ते विरळाच.) पन्नास किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत पहिली चूकच शेवटची ठरू शकते. कर्म बघून कारवाई करणारा कायदा इथेच लंगडा पडतो, कारण तो पहिल्या चाव्याची वाट बघतो.

मग यादीच बरी का? तसंही नाही, आणि त्याचं कारण घरात आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय एक्सएल बुली पाळणं गुन्हा झाला. प्रमाणपत्रासाठी ९२ पौंड ४० पेन्स भरायचे, निर्बीजीकरण करायचं, मायक्रोचिप बसवायची, तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली तर भरपाई देणारा विमा काढायचा, बाहेर नेताना पट्टा आणि मुसकी लावायची. पन्नास हजारांहून अधिक कुत्र्यांना अशी सूट मिळाली. बंदी लागू झाल्यावर दोनच दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, एसेक्समधल्या जेविक गावात नातवाला भेटायला आलेल्या आजीबाईंना दोन एक्सएल बुलींनी ठार केलं. घरात. मुसकीचा नियम रस्त्यावरचा. घराच्या उंबऱ्याशी तो संपतो. जीवघेण्या हल्ल्यांचा इतिहास चाळला तर कितीतरी वेळा जागा घर किंवा अंगण असते आणि कुत्रा ओळखीचा असतो. आपल्याकडे लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेचा जीव गेला तोही घरातच, मुलानं पाळलेल्या पिटबुलच्या हल्ल्यात. घरातल्या हल्ल्यापर्यंत ब्रिटनचं कलम ३ पोचतं, पण तेही २०१४ च्या दुरुस्तीनंतर. त्याआधी ते बहुतांशी सार्वजनिक जागांपुरतं होतं. त्याच दुरुस्तीनं मृत्यू झाल्यास १४ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आणली. उंबऱ्याच्या आतला मालक ज्याला घाबरेल असं काही आहे, तर ते हे.

भारताकडे येताना आधी एक गुंता बाजूला ठेवू. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा. तिथे मालकच नसतो. निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी, त्यासाठी २०२३ चे नियम आहेत आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जो गदारोळ झाला तो त्यावरच. पाळीव कुत्र्यामुळे झालेल्या मृत्यूची चर्चा त्यात मिसळली की दोन्हीकडचं उत्तर चुकतं.

पाळीव कुत्र्यांबाबत केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं १२ मार्च २०२४ रोजी परिपत्रक काढलं. तेवीस जातींची आयात, विक्री आणि प्रजनन थांबवा, आणि ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी कुत्र्यांचं निर्बीजीकरण करावं, असं राज्यांना कळवलं. यादी वाचण्यासारखी आहे. टोसा इनू एकदा, आणि जरा खाली पुन्हा जपानी टोसा; कुत्रा तोच. एका ओळीत नुसतंच ‘टेरियर्स’, म्हणजे मांडीवर मावणारा यॉर्कशायर टेरियरही आत. कर्नाटक उच्च न्यायालयानं १० एप्रिलला हे परिपत्रक रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही म्हणून. काही दिवसांत दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात हणजूणला आईबरोबर चाललेल्या सात वर्षांच्या मुलाला पिटबुलनं ठार केलं. त्यानंतर गोवा सरकार वळलं ते पुन्हा जातींच्याच बंदीकडे, पिटबुल आणि रॉटवायलर.

गोवेकरांचा राग समजतो. पण मालकाला धरायचं कसं, हा दुसरा मार्ग आपण कधी नीट चालूनच पाहिलेला नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ प्राण्याबाबतच्या हलगर्जीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतं. जुन्या दंडसंहितेत ते २८९ होतं आणि दंड हजार रुपये. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत परवाना घ्यावा लागतो, रेबीजच्या लशीचा दाखला जोडून. परवान्यामुळे कुत्र्याला लस टोचली की नाही ते कळतं. मालकाला कुत्रा आवरतो की नाही, हे कोणी विचारत नाही. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यात ते विचारतात: नव्या मालकानं कुत्रा आणण्याआधी लेखी परीक्षा द्यायची, आणि पहिल्या वर्षात कुत्र्यासह प्रात्यक्षिक. मायक्रोचिप आणि विमा सगळ्यांना सक्तीचा, जातींची यादी नाही. माझा कौल या पद्धतीला आहे, त्यात एकच भर घालून: ठराविक वजनाच्या वरच्या कुत्र्यांसाठी परीक्षा अधिक कडक हवी, आणि कारवाईला पहिल्या चाव्याची नव्हे, पहिल्या तक्रारीची अट हवी.

मात्र हेही सांगायला हवं की २०१८ मध्ये लोअर सॅक्सनीतल्याच हॅनोव्हरमध्ये चिको नावाच्या कुत्र्यानं आपल्याच घरातल्या आई आणि मुलाचा जीव घेतला. त्याच्याबद्दलचे इशारे काही वर्षांपूर्वीच शहराच्या कार्यालयात पोचले होते. हॅम्बुर्गचीच गोष्ट, अठरा वर्षांनी.

मुंबईतला एक निकाल यासंदर्भात लक्षात राहिलाय. २०१० मध्ये नेपियन सी रोडवर मालकानं गाडीचं दार उघडलं आणि आतल्या रॉटवायलरनं एका वयस्कर नातेवाइकाला चावे घेतले. एवढा ताकदवान कुत्रा पाळताना काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य होतं, असं म्हणत न्यायालयानं मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. तेव्हा २०२३ साल उजाडलं होतं. रॉटवायलर साधारण नऊ-दहा वर्षं जगतो.