२३ सेकंदांचं भांडण

बालवर्गात एका खेळण्यावरून दोघांची ओढाओढ सुरू झाली की बाई धावत जातात. खेळणं काढून घेतात, दोघांना समजावतात, ‘सॉरी’ म्हणायला लावतात. त्या गेल्याच नसत्या तर?

हेलन डॉव या अमेरिकी संशोधिकेने बालशाळेतल्या मुलांची २०० भांडणं घड्याळ लावून टिपली. १९३४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक भांडण सरासरी जेमतेम २३ सेकंद चालत होतं! बहुतेक भांडणं मुलांनीच मिटवली आणि मिटल्यावर ती पुन्हा हसत-खेळत कामाला लागली.

बाईंना विचाराल तर म्हणतील, “दिवसभर नुसती भांडतात हो.” त्यांचंही खोटं नाही. लक्षात राहतं ते रडणं, ओरबाडणं आणि संध्याकाळी आलेली पालकांची तक्रार. आपोआप मिटलेलं भांडण कोण लक्षात ठेवणार? म्हणून तिथल्या तिथे लिहून ठेवायचं.

लिहिण्यातही एक मेख आहे. ‘आज फार हट्टीपणा केला’ ही नोंद नव्हे, तो निकाल झाला. नोंद अशी हवी: ‘निळा ठोकळा उचलला. शेजारच्याने ओढला. सोडला नाही. दुसरा ठोकळा त्याच्यापुढे सरकवला. शेजारच्याने तो घेतला.’ हट्टी म्हटलेलं मूल इथे चक्क तडजोड करतंय. जे दिसलं ते आधी, त्याचा अर्थ नंतर, आणि शक्यतो वेगळ्या रकान्यात. ऐकायला सोपं वाटतं, पण सवय लागेपर्यंत हात सारखा विशेषणांकडे वळतो.

मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले तेही असंच, प्रत्येक मुलाकडे एका वेळी एकच मिनिट पाहून. त्यात ‘प्रेक्षक’ असा एक प्रकार आहे. बाजूला उभं राहून इतरांचा खेळ पाहणारं, मधूनच काहीतरी विचारणारं मूल. घाईच्या नजरेला ते रिकामटेकडं वाटतं.

शिक्षकांकडे पाहिलं तर हिशेब आणखी लहान होतो. मेरी बड रो यांनी प्राथमिक वर्गांतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबत होते. मग स्वतःच उत्तर देत, नाहीतर दुसऱ्याला उठवत. ज्यांना ते ‘कच्ची’ समजत, त्या मुलांच्या वाट्याला तर वेळ आणखी कमी. हीच थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली तेव्हा उत्तरं लांबली, न विचारता बोलणारी मुलं वाढली आणि गप्प राहणारीही बोलू लागली. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की त्या शिक्षकांना आपण इतके कमी थांबतो याची कल्पनाच नव्हती. स्वतःचा सेकंद स्वतःला मोजता येत नाही. त्याला मागे बसलेलं कुणीतरी किंवा रेकॉर्डर लागतो.

पण मागे कोण बसतं यावर बरंच अवलंबून आहे. तपासणीला साहेब आले की बाई ठेवणीतला धडा काढतात आणि हमखास उत्तर येणाऱ्या मुलालाच उठवतात. तिथे नोंदवहीत काहीही लिहिलं तरी ते नेहमीच्या वर्गाचं चित्र नसतं. त्यापेक्षा शेजारच्या वर्गातल्या बाईंनी दहा मिनिटं येऊन बसावं, फक्त प्रश्न आणि उत्तरामधले सेकंद मोजावेत आणि तो कागद साहेबांकडे न देता थेट शिकवणाऱ्या बाईंच्याच हातात द्यावा. पुढच्या आठवड्यात दोघींनी जागा बदलाव्यात.